रोमिंग प्रोफाइल

कार्यालयात कर्मचारी कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याचा डेस्कटॉप, मांडणी आणि सवयीच्या सेटिंग त्याच्यामागोमाग याव्यात म्हणून त्या सर्व्हरवर, म्हणजे कार्यालयाच्या मध्यवर्ती संगणकावर, ठेवण्याची विंडोजमधील सोय. सीमाभागात रोमिंग म्हटले की आधी मोबाइल आठवतो; निपाणीहून कागलच्या वाटेला लागले की फोन दुसऱ्या सर्कलमध्ये जाई आणि बिल वाढे. येथे फिरतो तो फोन नव्हे, वापरकर्त्याचा फोल्डर.

विंडोज एनटी ४.० (१९९६) पासून प्रोफाइल फोल्डरच्या रूपात असते आणि मूळ रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. लॉगिन होताना सर्व्हरवरचा फोल्डर समोरच्या यंत्रावर उतरतो, दिवसभर काम त्या प्रतीवर चालते, लॉग ऑफ करताना बदल परत सर्व्हरवर चढतात. फोल्डरात एनटीयूजर.डॅट नावाची एक फाइल असते. वॉलपेपर, कीबोर्डची भाषा, नेहमीचा प्रिंटर, तारखेची पद्धत अशा वापरकर्त्याच्या सगळ्या नोंदी तिच्यात असतात. ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरचे रोमिंग, लोकल आणि लोकललो असे तीन भाग आहेत; त्यांपैकी पहिलाच फिरतो. फायरफॉक्सचे बुकमार्क त्यामुळे दुसऱ्या टेबलावर येतात आणि क्रोमचे मागे राहतात, कारण क्रोम आपले बिऱ्हाड लोकलमध्ये मांडतो.

काय फिरते आणि काय यंत्रातच राहते, हा फरक बेळगाव भागातल्या कार्यालयात सर्वांत आधी लिपीत दिसतो. एकाच टेबलावरून सरकारी पत्र कन्नडमध्ये जाते, सभासदांची नोटीस मराठीत निघते आणि बँकेचे पत्र इंग्रजीत. लिपिकाने आपल्या खात्यात तिन्ही कीबोर्ड घेतले असतील तर ती नोंद प्रोफाइलमध्ये असते आणि त्याच्याबरोबर जाते. फॉन्ट मात्र यंत्राच्या विंडोज फोल्डरात बसवलेले असतात. विंडोज १० मध्ये एकट्या वापरकर्त्यापुरता फॉन्ट बसवता येऊ लागला, पण तोही ॲपडेटाच्या लोकल भागात जातो, म्हणजे फिरत नाही. नुडी किंवा श्रीलिपी यांसारखी भारतीय लिपींत टाइप करण्याची सॉफ्टवेअर तर यंत्रागणिकच बसवावी लागतात. मग मुख्य कार्यालयातला माणूस खानापूरच्या काउंटरवर बसतो, डेस्कटॉप ओळखीचा दिसतो, नोटिसीची फाइल उघडतो आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला समोर येतो. फोन येतो, ‘ओ सर, माझी नोटीस सगळी इंग्रजीत गेली की!’ नोटीस कुठेच गेलेली नसते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये मराठी किंवा कन्नड अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या खणात बसवलेले असते. फॉन्ट नसला की खणातले मूळ अक्षर उघडे पडते.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा खण देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुराला हा धोका नाही. विंडोज ८ पासून आलेला निर्मला यूआय हा एकच फॉन्ट देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतो. मंगल (देवनागरी) आणि तुंगा (कन्नड) हे जुने फॉन्ट मात्र विंडोज १० मध्ये ऐच्छिक झाले, त्यामुळे मंगलमध्ये आखलेला तक्ता नव्या यंत्रावर वाचता येतो, पण ओळी सरकतात. म्हणून अशा कार्यालयात रोमिंग चालू करण्याआधी सगळ्या यंत्रांवर फॉन्टचा एकच संच बसवून घेणे शहाणपणाचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जाते.

दुसरी अडचण आकाराची. डेस्कटॉपवर लग्नाचे फोटो आणि स्कॅन केलेले सातबारे साठले की प्रोफाइल सहज दोन जीबीचे होते. १०० एमबीपीएसच्या जाळ्यावर तेवढे कोऱ्या यंत्रावर उतरवायला, तार पूर्ण मोकळी असली तरी, १६० सेकंद लागतात. दहा वाजता दहा जण एकदम बसले तर चहा होऊन जातो. एकदा वापरलेल्या यंत्रावर फक्त बदललेल्या फाइली उतरतात, म्हणून तिथे लॉगिन लवकर होते. उपाय म्हणजे फोल्डर रिडायरेक्शन. यात डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर सर्व्हरवरच राहतात, दरवेळी उतरत-चढत नाहीत, आणि प्रोफाइल हलके राहते. शाखा आणि मुख्य कार्यालय यांमधली लाइन मंद असेल तर विंडोज स्वतःच थबकते. ५०० केबीपीएसच्या खालचा वेग ती मूळ सेटिंगनुसार मंद मानते आणि यंत्रावरची जुनी प्रत वापरते. शाखेतल्या माणसाला कालचे बदल दिसत नाहीत त्याचे कारण कित्येकदा हेच असते.

एकच खाते दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडे ठेवणे ही सवय सर्वांत महागात पडते. सुट्या फाइली तारखेप्रमाणे जुळवून घेतल्या जातात, पण एनटीयूजर.डॅट ही एकसंध फाइल असल्याने जो शेवटी लॉग ऑफ करतो त्याचीच राहते. दुपारी वीज जाऊन यंत्र बंद पडले तर लॉग ऑफ होतच नाही आणि त्या दिवसाचे बदल सर्व्हरवर पोचत नाहीत. पावसाळ्यात खानापूरकडे यूपीएसची बॅटरी बरी असणे हा प्रोफाइल सांभाळण्याचाच भाग समजावा.

प्रोफाइल उघडताच आले नाही तर विंडोज तात्पुरते प्रोफाइल देते. डेस्कटॉप कोरा दिसतो, इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत, १५११ क्रमांकाची नोंद पडते आणि त्या बैठकीत जतन केलेले सगळे लॉग ऑफबरोबर पुसले जाते. अशा वेळी काम थांबवून आधी फोन करावा, ही एक गोष्ट कर्मचाऱ्यांना नीट बजावली तरी निम्मे नुकसान टळते.

नवी-जुनी यंत्रे मिसळली असली की सर्व्हरवर एकाच माणसाचे दोन-दोन फोल्डर दिसतात. विंडोज ७ चा फोल्डर .व्ही२ या शेपटीचा, विंडोज १० च्या २०१६ नंतरच्या आवृत्तींचा .व्ही६ चा. एकातली सेटिंग दुसऱ्यात जात नाही. रिडायरेक्ट केलेले दस्तऐवज मात्र दोन्हीकडे दिसतात.

प्रोफाइलचा पत्ता प्रत्येक खात्यात सर्व्हरच्या नावासकट लिहिलेला असतो. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले. त्याआधी बसवलेल्या सर्व्हरच्या नावात जुने इंग्रजी स्पेलिंग असेल आणि ते बदलायची कुणाला हौस आली, तर प्रत्येक खात्यातला पत्ता बदलावा लागतो. सुरुवातीलाच डीएनएसमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या संगणकांच्या नावांच्या यादीत, एखादे निरपेक्ष टोपणनाव देऊन ठेवले तर हा वाद सर्व्हरपर्यंत येत नाही.

सध्या नव्या मांडणीत प्रोफाइल एका आभासी डिस्कमध्ये ठेवून लॉगिनच्या वेळी ती जोडण्याकडे कल आहे. एफएसलॉजिक्स हे त्यासाठीचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतले. फोल्डर उतरवण्या-चढवण्याचा वेळ त्यात वाचतो, पण शाखांमधल्या साध्या संगणकांपेक्षा ते दूरस्थ डेस्कटॉपलाच, म्हणजे सर्व्हरवर चालून पडद्यावर नुसता दिसणाऱ्या डेस्कटॉपला, अधिक शोभते.

कर्मचारी निवृत्त झाला की खाते काढले जाते, सर्व्हरवरचा फोल्डर तसाच राहतो. पहिल्या लॉगिनला तयार होणाऱ्या या फोल्डरवर मूळ सेटिंगनुसार फक्त त्या वापरकर्त्याचा हक्क असतो, इतका की ॲडमिनिस्ट्रेटरलाही आत डोकावता येत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरला हक्क देणारी पॉलिसी (सगळ्या यंत्रांना एकदम लागू होणारी सेटिंग) आहे, पण ती लावल्यानंतर तयार झालेल्या फोल्डरांनाच लागू होते. आधीच्या फोल्डरांची मालकी एकेक करून स्वतःकडे घ्यावी लागते, आणि तेव्हाच कळते की सभासदांच्या यादीची शेवटची प्रत त्यातच होती.