अरण्यातील शैवाक : जातीची ओळख व वर्णन (कोल्हापूर परिसर)

शैवाक हा कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून घडलेला जीव आहे. काही जातींत शैवलाची जागा नील-हरित जीवाणू घेतात. कोल्हापुरी मसाल्यात पडणारे दगडफूल शैवाकच असते, पण बाजारातल्या एकाच पुडीत बहुधा दोन-तीन जाती मिसळलेल्या निघतात. स्वयंपाकाला त्याने फरक पडत नाही, अभ्यासकाला पडतो. शैवाकाचे शास्त्रीय नाव नियमानुसार त्यातल्या कवकाचे असते. जोडीदार शैवलाला त्याचे स्वतःचे वेगळे नाव असते.

जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके कोरडे, तर पश्चिमेकडे राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड हा सह्याद्रीचा ओला पट्टा. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या क्षेत्रांत राधानगरी अभयारण्याचाही समावेश आहे. येथील निमसदाहरित जंगलात अंजन, जांभूळ, पिसा, फणस अशा झाडांच्या सालीवर शैवाके वाढतात. पानासारखी सुटी दिसणारी शैवाके सहज नजरेत भरतात. उष्ण प्रदेशातल्या रानात मात्र सालीला घट्ट चिकटलेल्या, खरवडल्याशिवाय न निघणाऱ्या कवचरूप जाती मोठ्या संख्येने असतात आणि ओळखायला त्याच सर्वांत अवघड. पांढुरक्या-राखी डागावर काळ्या रेघोट्या दिसल्या की तो ग्राफिडेसी कुळातला असण्याची शक्यता मोठी. या रेघा म्हणजे कवकाची बीजाणू तयार करणारी फळे. पुढचा विचार याच कुळाच्या उदाहरणाने केला आहे.

नमुना सालीच्या पातळ तुकड्यासह चाकूने किंवा छिन्नीने काढतात. झाडाची जात, खोडावरची उंची, सावली की ऊन, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश हे सगळे तिथल्या तिथे लिहावे लागते, कारण वाळलेल्या तुकड्यावरून ते पुन्हा कळत नाही. नमुना कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो बुरसतो. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय एक कपचीही उचलता येत नाही.

खरी ओळख टेबलावर होते. भिंगाखाली रेघांची लांबी, फाटे, कडा आणि त्यावरची पांढरी भुकटी पाहतात. मग ब्लेडने रेघेचा आडवा, अगदी पातळ काप घेऊन तो सूक्ष्मदर्शीखाली ठेवतात. हे हातकाम शिकायला वेळ लागतो आणि अनेक चुकीच्या ओळखींचे मूळ जाड कापात असते. रेघेची भिंत पूर्ण काळी आहे की फक्त वरच्या भागात, धानींच्या (बीजाणू ज्यात तयार होतात त्या पिशव्यांच्या) थरात तेलाचे बारीक थेंब आहेत का, एका धानीत बीजाणू किती, हे या कापात दिसते. बीजाणूंच्या आतले पडदे केवळ आडवे असतील तर एक गट. आडवे-उभे मिळून विटांच्या भिंतीसारखी रचना असेल तर दुसरा. ग्राफिस या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) बीजाणू रंगहीन असून आयोडीनने निळे-जांभळे होतात. फिओग्राफिस प्रजातीचे तपकिरी असतात आणि आयोडीनने लालसर होतात. लांबी-रुंदी मायक्रोमीटरमध्ये, पुरेशा पक्व बीजाणूंवरून मोजायची. कोवळ्या बीजाणूंचे माप फसवते.

यानंतर रसायने. १८६६ साली विल्यम नायलँडर याने रंगचाचण्या शैवाकांसाठी वापरात आणल्या आणि त्या आजही चालतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर पिवळा होऊन लाल झालेला काप सूक्ष्मदर्शीखाली पाहावा. लाल सुयांसारखे स्फटिक दिसले तर नॉरस्टिक्टिक आम्ल आहे. ब्लीचने मगज (शैवाकाचा आतला पांढरा थर) लाल होणे हे लेकॅनोरिक आम्लाचे लक्षण असून पारमोट्रेमा टिंक्टोरम हे दुसऱ्या कुळातले, पानासारखे शैवाक त्यावरून ओळखता येते. ब्लीच मात्र ताजे हवे, शिळे झाले की काहीच रंग येत नाही. अतिनील प्रकाशात पिवळे चमकणारे कायक (शैवाकाचे शरीर) लायकेक्सँथोन या रसायनाकडे बोट दाखवते. रंगावर न भागल्यास पातळ थर वर्णलेखन, म्हणजे टीएलसी, करून त्यातली रसायने वेगळी करून पाहावी लागतात. रसायनभेद असला की लगेच नवी जात मानण्याचा मोह आवरावा. एकाच जातीत दोन रासायनिक प्रकार आढळतात. शंका उरली तर डीएनए पाहतात. कवकांसाठी डीएनएतला आयटीएस हा भाग प्रमाण मानला जातो, ग्राफिडेसीत मायटोकाँड्रियातल्या एका भागाचाही उपयोग होतो.

नवी जात सापडली असे वाटले की कष्टाचा भाग सुरू होतो, कारण ती जुन्यांपैकी एकही नाही हे दाखवावे लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आदींनी पश्चिम घाटातली शैवाके तपासली, लखनौला डी. डी. अवस्थींनी भारतभरची. त्या लेखनात ग्राफायना, फिओग्राफायना ही प्रजातींची नावे भेटतात. ती वर्गवारी बीजाणूंचा रंग आणि पडदे यांवरच आधारलेली होती. २००२ साली या कुळाची प्रजातिरचना नव्याने मांडली गेली आणि अनेक जाती दुसऱ्या प्रजातींत गेल्या. म्हणून जुने नाव आजच्या यादीत न मिळाले तर जात नवी ठरत नाही. मूळ प्रकारनमुना, म्हणजे ज्या नमुन्याला ते नाव कायमचे जोडलेले असते तो, मागवून पाहावा लागतो. असे पाहिल्यावर बहुतेक ‘नव्या’ जाती जुन्याच निघतात. महाराष्ट्रासाठी ती पहिली नोंद असेल तर तीही छापण्याजोगी असते.

वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत द्यावे लागते. केवळ लॅटिनची सक्ती २०१२ पासून उठली. १ जानेवारी २०१३ पासून कवकांच्या नव्या नावाला मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीतला क्रमांक नसेल तर ते वैध ठरत नाही. वर्णनात ‘निदान’ (डायग्नोसिस) हा भाग वेगळा लिहितात: सर्वांत जवळच्या जातीपासून ही नेमकी कशाने निराळी, एवढेच त्यात येते. पानभर लक्षणे देऊन हा एक परिच्छेद ढिसाळ ठेवणारे वर्णन फारसे कामाचे नसते. एकच नमुना प्रकारनमुना म्हणून ठरवून सार्वजनिक संग्रहात द्यायचा असतो, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती व नमुना अधिकृत संग्रहालयाकडे सोपवणे बंधनकारक आहे.