ज्येष्ठांना भीती होती ती घरातून नेलं जाण्याची

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि पाठोपाठ वयस्कर माणसांना ‘घराबाहेर पडू नका’ असं बजावलं जाऊ लागलं. तरी कित्येक आजोबा सकाळी दूध आणायला निघतच होते. घरचे म्हणायचे, हट्टी आहेत. मला तो नुसता हट्ट वाटत नाही. साथ म्हणजे काय, हे त्यांना आधीच्या साथींनी शिकवलं होतं.

१९४० च्या आगेमागे जन्मलेल्यांनी देवी पाहिल्या, गोवर पाहिला, पोलिओ पाहिला. घाला पडायचा तो पोरांवर. देवी येऊन गेल्या की माणूस त्या दुखण्यातून जन्माचा सुटायचा. त्यांच्या आईवडिलांनी सांगितलेली १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, तर भर तारुण्यातली धडधाकट माणसं घेऊन गेली. २००९ च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला बळी गेला तोही पुण्यातल्या १४ वर्षांच्या मुलीचा. जुन्या विषाणूंशी गाठ पडून गेल्यामुळे वयस्करांना त्या वेळी थोडं संरक्षण होतं. कोरोनाने हा हिशेब उलटा केला. वय वाढेल तसा मृत्यूचा धोका वाढत गेला.

म्हणून ते निर्धास्त होते असं मात्र नाही. त्यांची भीती दुसरीकडे होती. आमच्या शेजारच्या आजींनी दाराआड एक पिशवी भरून ठेवली होती: दोन पातळं, चष्मा, जपमाळ आणि गोळ्यांची डबी. ‘नेलं तर परत कोण दिसतंय,’ एवढंच म्हणायच्या. त्यांच्या आजेसासूने प्लेग पाहिला होता.

या भीतीचं मूळ १८९७ मध्ये आहे. त्या वर्षी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसांची तपासणी करून त्यांना छावणीत हलवू लागले, सामान जाळू लागले. चापेकरांनी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली, त्यामागे हाच संताप होता. २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा लागू झाला. विलगीकरणातल्यांच्या डाव्या हातावर शिक्के बसले. दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. आजींना ते सगळं ओळखीचं वाटलं, यात नवल काय?

त्याच मार्चमध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत दिसलं, की आजार झाला तर आपण मरू ही शक्यता वयस्करांना तरुणांपेक्षा जास्त वाटत होती, पण आजार होईल असं कमी वाटत होतं; चिंता आणि उदासीही त्यांच्यात कमीच आढळली. आजींचंही तसंच होतं. मरण त्यांनी धरलेलंच होतं, फक्त ते घरी यावं एवढीच इच्छा.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. आजी केंद्रावर गेल्या, देवी काढल्याच्या खुणा असलेला दंड पुढे केला आणि नर्सला विचारलं, ‘रात्री ताप आला तर मला नेणार नाहीत ना गं?’