हाव का नही? टॅरोच्या एका शब्दाच्या उत्तरामागचा इतिहास

आखाजीला (अक्षय तृतीयेला) खान्देशात निंबाखाली, ओट्यावर पत्त्यांचे डाव बसतात. त्याच संध्याकाळी, खान्देशाला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची, ती पावसाळ्याचे चार महिने. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं दिसेल, तो महिना पावसाचा. म्हणजे पत्ते खेळायला आणि भाकीत मातीत, अशी इथली सरळ वाटणी आहे. आज भविष्य बघायला वापरतात ते टॅरोचे चित्रांचे पत्तेही आधी तीनशेच्या वर वर्षं फक्त खेळायलाच होते. होय-नाही, म्हणजे इथल्या बोलीत ‘हाव का नही’, विचारायची सवय त्यांना फार उशिरा लागली.

युरोपात पत्ते आले ते १३७० च्या दशकात, इजिप्तच्या मामलुक राज्याकडून. त्यांचे चार रंग होते प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. पोलो हा खेळ युरोपला माहीत नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे तिथे साधे दंड झाले. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत कोणीतरी या चार रंगांना हुकुमाच्या चित्रांची पाचवी रांग जोडली. आपल्याकडे एखादा रंग हुकूम ठरतो. तिथे हुकमाचे पत्ते कायमचे वेगळेच होते. असा ७८ पत्त्यांचा कॅट तयार झाला: चार रंगांचे १४ प्रमाणे ५६, आणि चित्रांचे २२. मिलानच्या सरदारघराण्यासाठी सोन्याच्या वर्खात रंगवलेला व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅट साधारण १४५० चा. तोही हात जिंकण्यासाठीच होता. म्हणून ‘प्राचीन इजिप्तचं ज्ञान’ असं कोणी सांगू लागलं की थोडं थांबावं. इजिप्तमार्गे आली ती पत्त्यांची कल्पना, मंदिरातली विद्या नव्हे.

हा इजिप्तचा गैरसमज कोणी घातला तेही माहीत आहे. अंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने १७८१ मध्ये लिहिलं की टॅरो म्हणजे इजिप्शियन पुरोहितांचा जपून ठेवलेला ग्रंथ. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शँपोलियाँने ती उलगडली १८२२ मध्ये. ४१ वर्षं खोडून काढायला कोणी नव्हतं, तेवढ्यात गोष्ट रुजली.

होय-नाहीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा माणूस दुसराच आहे. झाँ-बातिस्त आलिएत, काही काळ बियाण्यांचा व्यापारी. स्वतःचं आडनाव उलटं लिहून तो ‘एतेइला’ झाला. १७७० मध्ये त्याने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं, पण ते टॅरोवर नव्हतं. ते होतं ‘पिके’ नावाच्या फ्रेंच खेळाच्या ३२ साध्या पत्त्यांवर, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. त्यात प्रत्येक पत्त्याला दोन अर्थ होते, सुलटा आला तर एक आणि उलटा आला तर दुसरा. पुढे १७८५ मध्ये तो टॅरोकडे वळला आणि काही वर्षांतच केवळ भविष्यासाठी बनवलेला कॅट त्याने छापून घेतला. आज ‘सुलटा म्हणजे हाव, उलटा म्हणजे नही’ असं जे चालतं, त्याचं मूळ या बियाणेवाल्याकडे आहे. नाव उलटं करणाऱ्यानेच पत्ता उलटा करावा, हे जुळलंय खरं.

दुसरं वळण १९०९ चं, लंडनमधलं. तिथे टॅरोचा नवा कॅट निघाला: आर्थर एडवर्ड वेट यांनी सांगितलं आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलं. तोवर बहुतेक कॅटांत प्याल्यांची पंजी म्हणजे नुसते पाच प्याले असायचे. स्मिथबाईंनी तिथे सांडलेल्या तीन प्याल्यांकडे खाली मान घालून बघणारा माणूस काढला. उभे असलेले दोन त्याच्या पाठीमागे राहिले. आकड्यांच्या साध्या पत्त्यांना असे प्रसंग मिळाले आणि न शिकलेला माणूसही चित्र बघून ‘हे काही बरं दिसत नाही’ म्हणू लागला. कामाचे पैसे त्यांना फारच थोडे मिळाले. वेट यांनी मात्र ठरावीक प्रश्नासाठी सुचवली ती दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस मांडणी. एका पत्त्यात निकाल द्यावा, ही कल्पना तिथे नाही.

म्हणून होय-नाही हा या कॅटला नंतर लावलेला जोड आहे. हुकमाच्या चित्रांत हो किंवा नाही असं काही लिहिलेलं नाही. प्रत्येक रीत स्वतःचा नियम बाहेरून आणते, आणि उत्तर पत्त्याइतकंच त्या नियमातून येतं. हिशोब केला की हे उघड होतं. काही जण रंगावर जातात: प्याले आणि दंड होय, नाणी उशिरा का होईना होय, तलवारी नाही. झालं, ५६ पैकी ४२ पत्ते आधीच होकाराच्या बाजूला. असा कॅट पिसायच्या आधीच ‘हाव’ म्हणत बसलेला असतो.

तीन पत्त्यांच्या रीतीत मधला पत्ता दोनदा मोजतात, कडेचे एकेकदा. मधला एका बाजूला आणि दोन्ही कडा दुसऱ्या बाजूला पडल्या की दोन-दोन अशी बरोबरी होते. उलटे-सुलटे सारखेच असतील तर हे चारातून एकदा घडतं. त्याला ‘अजून ठरलेलं नाही’ म्हणायचं. मधला दोनदा मोजलाच नाही तर बरोबरी कधीच होत नाही, उत्तर हमखास मिळतं. कोणती रीत वापरायची हे पत्ता बघून ठरवलं तर मग विचारलंच कशाला?

एक्क्याची रीत जरा जुन्या वळणाची. वरून एकेक पत्ता टाकत जायचं. एक्का आला की थांबायचं, नाही आला तर तेराव्या पत्त्याला थांबायचं. असे तीन ढीग. एक्का सुलटा तर होय, उलटा तर नाही, आणि ज्याचं पारडं जड ते उत्तर. पहिल्या ढिगात एक्का सापडण्याची शक्यता ५२-५३ टक्के. तिन्ही ढीग कोरडे जाण्याची सुमारे ६ टक्के. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पहिला ढीग कोरडा गेला की तो परत कॅटमध्ये मिसळणं. मिसळायचा नाही, बाजूलाच ठेवायचा.

खान्देशात टॅरोचं हे होय-नाही मोबाईलवरून आलं आणि चटकन ओळखीचं वाटलं, कारण सवय जुनीच होती. देवाला फूल लावून कौल घेणं, भगताने दाणे टाकून सम-विषम बघणं, जत्रेत पोपटाने चिठ्ठी ओढणं. (१९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पाळता येत नाही, ते वेगळं.) कौलात प्रश्न एकच असतो आणि बाजू आधी बोलून ठेवतात: ‘उजवं दिलंस तर लग्न जमव.’ ही शिस्त टॅरोवाल्यांनी उचलायला हवी होती. उलट विचारलं जातं, ‘कापूस ठेवू का विकू?’ हे दोन प्रश्न झाले. ‘हाव’ आलं तर कशाला हाव? ‘आता विकायला नको ना?’ यात तर नाहीचं नाही होतं. ‘दिवाळीआधी सगळा कापूस विकू का?’ इथे क्रियापद एक, मुदत एक. मनासारखं आलं नाही म्हणून परत विचारायचं नाही. निम्म्या-निम्म्या शक्यतेत तीनदा विचारलं तर आठातून सात वेळा निदान एकदा तरी ‘हाव’ मिळतंच.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र हाताने होतो. नवा कॅट खोक्यातून निघतो तेव्हा सगळे पत्ते सुलटे असतात. हातावर कितीही पिसले तरी ते सुलटेच राहतात, आणि महिनाभर फक्त होकार येतो. अर्धी गड्डी १८० अंशांत फिरवून मग मिसळायची. टॅरोचा पत्ता साधारण ७ बाय १२ सेंटिमीटर, रमीच्या पत्त्याहून मोठा. लहान हातात तो दुमडतो. त्यापेक्षा चादरीवर पालथे पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल घोळवावेत. पावसाळ्यात पत्ते चिकटतात आणि दोन एकदम उचलले जातात, तेव्हा टाकताना कडेवरून अंगठा फिरवावा.

पत्ता उघडायचा तो पुस्तकाचं पान उलटतो तसा, आडवा. खालच्या कडेला धरून वर उचलून पालथा केला की सुलट्याचा उलटा होतो; ‘हाव’चं ‘नही’ होतं आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय समोर बसलेल्याला जो उलटा दिसतो तो पत्ते मांडणाऱ्याला सुलटा असतो. कोणाच्या बाजूने धरायचं ते पिसण्याआधी बोलून घ्यावं, नाहीतर एकाच पत्त्यावरून दोघं दोन उत्तरं घेऊन उठतात.