२६ सप्टेंबरचा कोरा रकाना

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्त झाल्यापासून गच्चीवरचा पाऊस मोजतात. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेलाच. पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा आणि आडव्या वहीत लिहायचा. गेल्या वर्षी त्यांनी ती वही माझ्याकडे दिली. "तू कॉम्प्युटरवर ते आर-बिर करतोस ना, बघ यातून काही निघतंय का."

टाइप करायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. काही रकान्यांत शून्य, काहींत आडवी रेघ, काहींत 'थेंब' असा शब्द आणि काही चक्क कोरे.

"काका, रेघ म्हणजे शून्यच ना?"

"शून्य कसं? शून्य लिहिलंय तिथे शून्य आहे. रेघ म्हणजे मी नव्हतो."

"आणि हे कोरे?"

"ते बघून सांगायला लागेल."

या भानगडीसाठी आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत पहिल्यापासून एक खास जागा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ही भाषा घडवली, आणि आकडे गहाळ असणं हे संख्याशास्त्रज्ञाचं रोजचंच दुखणं. आरमध्ये गहाळ आकड्याला 'एनए' (नॉट अव्हेलेबल) म्हणतात. दशांश संख्यांच्या रकान्यात एनए साठवताना 'ही संख्याच नाही' अशी एक खूण वापरली जाते आणि तिच्या पोटात १९५४ हा आकडा दडवलेला असतो. इहाकांचा जन्म १९५४चा.

एनए म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. आकडा आहे, पण आपल्याला ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून एनएमध्ये एक मिळवला तरी उत्तर एनएच. दोन एनए एकमेकांसारखे आहेत का, असं विचारलं तर त्याचंही उत्तर एनए! नवख्यांना हे वेड्यासारखं वाटतं. लग्नात आलेली आहेराची दोन बंद पाकिटं डोळ्यांपुढे आणा. दोन्हींत सारखीच रक्कम आहे का? उघडल्याशिवाय कोण सांगणार? म्हणूनच गहाळ रकाने शोधायला बरोबरीचं चिन्ह चालत नाही, 'इज डॉट एनए' हे वेगळं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारी आज्ञा, लागतं. उलट 'काल पाऊस पडला आणि मी गच्चीवर होतो' हे विधान घ्या. मी गच्चीवर नव्हतोच, तर पावसाचं काहीही असो, विधान खोटं. आरही एनए आणि 'खोटं' यांचा 'आणि'ने जोड लावला की बेधडक 'खोटं' म्हणते. जिथे माहीत नसूनही उत्तर देता येतं तिथे ती देते, एरवी गप्प बसते. हा गुण माणसांत कमी आढळतो.

आता सरासरी. समजा पाच दिवसांचे आकडे १२, ०, एनए, ३१ आणि ५ मिलिमीटर असे आहेत. आरला सरासरी विचारली तर ती एनए म्हणते. 'एनए काढून टाक' असं स्पष्ट सांगितलं (त्याचा पर्याय 'एनए डॉट आरएम') की चार दिवसांवरून १२ हे उत्तर देते. आणि घाईत कोऱ्या जागी शून्य भरलं तर उत्तर येतं ९.६. काका घरी नव्हते एवढ्यानेच पुण्यातला पाऊस घटला.

आरचा हा कडकपणा मला आवडतो, पण ती सगळीकडे इतकी कडक नाही. आकड्यांवर समीकरण बसवणारं 'एलएम' हे फंक्शन एनए असलेल्या ओळी आपणहून गाळून पुढे जातं आणि किती गाळल्या याची नोंद निकालाच्या तळाशी एका ओळीत देतं. 'टेबल' तर मोजदाद करताना एनएंना धरतच नाही. आरसोबत न्यूयॉर्कच्या हवेची एक तालिका येते, मे ते सप्टेंबर १९७३ची. ओळी १५३. ओझोनच्या रकान्यात ३७ जागा गहाळ, सूर्यप्रकाशाच्या ७. दोन्ही भरलेल्या अशा ओळी फक्त १११ उरतात, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त माल वाटेतच सांडला. त्यातून ओझोनच्या ३७पैकी २१ जागा एकट्या जूनमधल्या आहेत. उरलेल्या ओळींवरून उन्हाळ्याबद्दल बोलणारा माणूस जूनबद्दल जवळजवळ काहीच बोलत नसतो.

मग सरासरीनेच बुजवलं तर? मराठी मास्तरांपासून मार्केटिंगवाल्यांपर्यंत सगळ्यांचा हा लाडका उपाय. ओझोनची सरासरी ४२.१३ तशीच राहते, पण प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, ३२.९९वरून २८.६९वर उतरतो. हवा होती त्यापेक्षा शहाणी दिसायला लागते.

याहून फसवा प्रकार म्हणजे गहाळ असूनही आकड्याचा वेश घेतलेला रकाना. हवामान खातं नकाशावर चौकटींची जाळी आखून दर चौकटीचा रोजचा आकडा देतं; त्यातल्या पावसाच्या फायलींत गहाळ जागी उणे ९९९ असतं, तापमानाच्या फायलींत ९९.९. पहिल्याची मला भीती नाही. मीच एकदा सरासरी काढली आणि पाऊस उणे आला, तेव्हा चूक लगेच कळली. ९९.९ मात्र बेरजेत मुरून जातं, पुण्याचा मे थोडा जास्त तापला इतकंच वाटतं. काकांचा 'थेंब' याच्या उलट गेला. शब्द होता, संख्येत बदलताना आरने इशारा देत त्याचा एनए केला. पाऊस पडला होता, पण मापात येण्याइतका नव्हता, ही चांगली पक्की माहिती होती आणि ती मी घालवली. (नामिबियाचं देशचिन्हही एनए हेच दोन अक्षरांचं आहे. आरने फाइल वाचली की देशच गहाळ.)

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन बसले आणि एकेक जागेचा हिशेब द्यायला लागले. एका पानावर चहा सांडून चार आकडे पुसले गेले होते. जून-जुलैतल्या सलग रेघा वारीच्या. ते दरवर्षी पालखीबरोबर पंढरपूरला जातात. बोट फिरत फिरत २६ सप्टेंबर २०१९वर थांबलं. आदल्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला होता. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चिखल, दुचाक्या एकमेकींवर. साडेआठला गच्चीवर कोण जातंय?

डोनाल्ड रुबिन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७६मध्ये गहाळपणाची जी विभागणी मांडली, ती या वहीत आयतीच सापडली. चहाला पावसाशी देणंघेणं नाही. ते चार आकडे सोडून दिले तरी निकाल वाकडा होत नाही. वारीचे दिवस ऐन पावसाळ्यातले, त्यामुळे नुसते गाळून चालणार नाही, पण ते का गेले हे तारखेवरून कळतं, आणि तारीख आपल्याकडे आहे. ओढ्याची रात्र तिसऱ्या जातीची. तिथे आकडा नाही, कारण पाऊस फार होता. जे मोजायचं त्यानेच मोजणी बंद पाडली.

वारीच्या दिवसांसाठी मी 'माइस' हे आरला जोडायचं पॅकेज वापरलं. नेदरलँड्सच्या स्टेफ व्हॅन ब्यूरेन यांच्या नावाशी ते जोडलेलं आहे. माइस म्हणजे उंदीर. एरवी उंदीर वही कुरतडतात, इथे भोकं बुजवतात. शेजारच्या केंद्राचा पाऊस, महिना वगैरे पाहून ते गहाळ दिवसासारखे दुसरे दिवस शोधतं आणि त्यातल्या एकाचा खराखुरा आकडा उसना घेतं, त्यामुळे उणे पाऊस येत नाही. शिवाय एकच उत्तर न देता पाच वेगवेगळ्या भरलेल्या तालिका देतं. पाचही तालिकांवर तेच गणित करायचं. उत्तरांत जितकी तफावत, तितका आपला अंदाज कच्चा.

२६ सप्टेंबरला मात्र हीच युक्ती आडवी येते. उसना आकडा वहीतलाच असणार, म्हणजे काकांनी आजवर मोजलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर तो जाऊच शकत नाही. तो रकाना मी एनएच ठेवला आणि शेजारी 'कारण' नावाचा नवा रकाना उघडला. त्यात तीनच शब्द येतात: चहा, वारी, ओढा.

काकांनी ते स्क्रीनवर पाहिलं, चष्मा वर केला, काही बोलले नाहीत. यंदा पालखी निघायच्या आदल्या संध्याकाळी दारात आले आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"साडेआठ. आठ पस्तीस नको."