स्लॅक: आधी आळशी माणूस, मग सैल दोरी

स्लॅक म्हटलं की हल्ली निम्म्या लोकांना ऑफिसचं चॅट ॲप आठवतं आणि उरलेल्यांना सैल दोरी. मलाही कायम वाटायचं की शब्द मुळात दोरीचाच असणार, मग कामात ढिला असलेल्या माणसालाही तोच चिकटला असेल. पण झालंय नेमकं उलटं! जुन्या इंग्रजीत स्लॅक म्हणजे आळशी, निष्काळजी, संथ. दोरीबिरीला तो लागला साधारण १३०० च्या सुमारास.

लॅटिनमधला लॅक्सस म्हणजे सैल, तो याचा लांबचा भाऊबंद. त्याच्याकडून इंग्रजीत रिलॅक्स, रिलीज, घराचं लीज आणि जुलाबाचं लॅक्सेटिव्ह आलं (हे जेवताना सांगू नका). आणि कळीच्या चुन्यावर पाणी टाकून तो विरवतात ना, त्याला इंग्रजीत स्लेक करणं म्हणतात, ते पण स्लॅकच्याच घरातलं, म्हणजे चुन्याचा जोर ढिला करणं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत या शब्दाची पार शिवी झाली. सैन्यभरती चुकवणारा तो स्लॅकर. सप्टेंबर १९१८ मध्ये न्यूयॉर्कात स्लॅकर पकडायला धाडी घातल्या, रस्त्यात, स्टेशनात, थिएटरबाहेर तरुण पोरांना अडवून कागद दाखव म्हणायचे, नसेल तर सरळ आत, असे हजारो जण धरले आणि त्यातले बहुतेक निर्दोष निघाले.

मग चाळीस वर्षांनी त्याच अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही प्रोजेक्टचं वेळापत्रक आखायची पद्धत काढली आणि तिथे स्लॅक एकदम चांगल्या घरी पडला. एखादं काम जितके दिवस लांबलं तरी अख्खा प्रोजेक्ट लटकणार नाही, तेवढी सवड म्हणजे स्लॅक. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत बरीच वर्षं मे ते ऑक्टोबर हा स्लॅक सीझन होता, कारण कर्जाला खरी मागणी खरिपाचा माल बाजारात आल्यावर. ते ॲप तर अगदी अलीकडचं, २०१३ चं.

'कट मी सम स्लॅक'ला मराठीत काय म्हणायचं असं लोक विचारतात, अहो पतंगवाल्यांकडे आहे की, ढील दे. फक्त पतंगाला दिली तर तो वर जातो, आणि पोराला दिली तर आजी म्हणते, फार ढील दिलीयस हं तू त्याला.