कालपर्यंत पळणारी क्वेरी आज का अडते : पार्श्वभूमी

२०११ च्या गळीत हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून रात्री साडेनऊला फोन आला. पंधरवड्याचं ऊस बिल काढणारी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसला द्यायच्या क्वेऱ्यांचा, म्हणजे माहिती मागणाऱ्या-बदलणाऱ्या वाक्यांचा, तिथेच साठवलेला संच) अडकली होती. एरवी शेतकऱ्यांच्या मोठ्या गटालाही चार-पाच मिनिटं पुरायची. त्या दिवशी पाऊण तास झाला तरी ती चालूच होती. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल अडलं की त्यातून होणारी सोसायटीची वसुली अडते आणि वाहतूकदाराचा हप्ता थांबतो. त्यामुळे संगणक विभागातलं कुणी घरी गेलं नव्हतं.

"सर, कायच बदललेलं नाही ओ," हे वाक्य मी त्या रात्री तीनदा ऐकलं. मग एका मुलानं सांगितलं की तीच प्रोसिजर, तोच गट नंबर देऊन, त्यानं मॅनेजमेंट स्टुडिओत (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर हातानं क्वेरी चालवायचं साधन) स्वतः चालवून बघितली आणि ती चार मिनिटांत संपली. बिलिंगच्या प्रोग्राममधून चालवली की अडते, हातानं चालवली की पळते.

डेटाबेसचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कोडं कधी ना कधी येतं. प्रोसिजरच्या ओळी कितीही वाचल्या तरी त्याचं उत्तर तिथे सापडत नाही, कारण बिघाड त्या ओळींत नसतोच. तो कुठे असतो हे कळायला १९७० सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी जूनमध्ये एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध प्रसिद्ध झाला. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक, आणि तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. त्या काळच्या डेटाबेसमध्ये माहितीपर्यंत कुठल्या वाटेनं जायचं हे प्रोग्रामरला स्वतः लिहावं लागे. या नोंदीवरून त्या नोंदीवर, तिथून पुढच्या. माहितीची मांडणी बदलली की सगळे प्रोग्राम बदलायचे. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवा, काय हवं तेवढंच माणसानं सांगावं, आणि ते कसं शोधायचं ते यंत्रानं ठरवावं.

आज आपण सोडवतो त्या बहुतेक अडचणींचं मूळ या वाटणीत आहे. 'काय' आपल्या हातात राहिलं आणि 'कसं' यंत्राकडे गेलं. यंत्राचा निर्णय चुकला तर आपण लिहिलेल्या वाक्यात त्याची खूण दिसत नाही. तरीही ही वाटणी योग्यच होती, असं मला मनापासून वाटतं. ती झाली नसती तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पन्नास माणसांच्या कारखान्याला स्वतःचा हिशेब संगणकावर ठेवणं परवडलंच नसतं.

आयबीएमचा जुना डेटाबेस, आयएमएस, चांगला खपत होता. त्यामुळे कॉड यांची कल्पना उचलायला कंपनीनं वेळ लावला. सॅन होजेमध्ये सिस्टीम आर हा प्रकल्प उभा राहिला आणि बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस बांधायला घेतलं. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली. बॉइस त्याच वर्षी, अगदी तरुण वयात वारले. सीक्वेल हा दुसऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क निघाल्यानं पुढे नाव एसक्यूएल झालं. बाजारात मात्र आयबीएमच्या आधी, १९७९ मध्ये, ओरॅकल पोचलं. आयबीएमचं डीबी२ १९८३ चं.

'कसं' ठरवण्याचं काम यंत्राला शिकवलं ते पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा १९७९ चा निबंध ऑप्टिमायझरचा, म्हणजे वाट निवडणाऱ्या भागाचा, पाया मानला जातो. एका क्वेरीचं उत्तर अनेक वाटांनी काढता येतं. प्रत्येक वाटेला किती खर्च येईल याचा अंदाज बांधायचा आणि स्वस्तातली निवडायची. ही निवडलेली वाट म्हणजे प्लॅन. अंदाजासाठी टेबलाची आकडेवारी, म्हणजे त्यात किती आणि कशा ओळी आहेत याची नोंद, वापरायची. आणि आकडेवारी नसेल तर? निबंधात त्याचे ठोकताळे दिलेले आहेत : 'बरोबर' अशी अट असेल तर दहातली एक ओळ जुळेल असं धरा, 'पेक्षा मोठं' असेल तर तीनातली एक. इतका साधा हिशेब. आजचे ऑप्टिमायझर कितीतरी पुढे गेलेत, पण पाया अंदाजाचाच आहे, आणि प्लॅन बिघडतो तो बहुतेक वेळा किती ओळी निघतील हा अंदाज चुकल्यामुळे.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. वजनकाट्याच्या पावत्यांच्या टेबलात बारा हंगामांच्या मिळून १५ लाख ओळी आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीआधीचा नेहमीचा नियम असा, की टेबलातल्या २० टक्के आणि वर ५०० इतक्या ओळी बदलल्या की आकडेवारी आपोआप ताजी होते. म्हणजे ३ लाख ५००. रोज हजार खेपा आणि १२५ दिवसांचा हंगाम धरला तर भर पडते सव्वा लाखाची. दोन हंगाम उलटले तरी आकडेवारी जुनीच! यंत्राला वाटतं की या पंधरवड्याच्या तारखांची जवळपास एकच ओळ आहे, आणि त्या एका ओळीला शोभेल असा प्लॅन ते पंधरा हजार ओळींना लावतं. हंगामात रोज रात्री आकडेवारी ताजी करण्याचा जॉब लावला की हा त्रास संपतो. तो लावलेलाच नाही असे सर्व्हर मी अजून बघतो.

सिस्टीम आरच्या लोकांनी एक शब्दही मागे ठेवला : सार्जेबल. ज्या अटीवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमवार यादी) वापरून थेट नेमक्या जागी जाता येतं ती सार्जेबल अट. १ ते १५ डिसेंबरचं बिल काढायचं तर आपला प्रोग्रामर लिहितो, तारखेचं वर्ष २०१०, महिना १२ आणि दिवस १५ किंवा त्याहून कमी. वाचायला हे सोपं आहे. पण तारखेच्या कॉलमवर फंक्शन चढलं की यंत्राला प्रत्येक ओळीची तारीख काढून तपासावी लागते. तेच '१ डिसेंबर किंवा त्यानंतर आणि १६ डिसेंबरच्या आधी' असं लिहिलं की ते थेट त्या पंधरवड्यावर जाऊन उतरतं. असाच एक रिपोर्ट मी दुरुस्त केला होता. टेबलाला तारखेवर क्लस्टर्ड इंडेक्स होता, म्हणजे ओळी तारखेच्याच क्रमानं ठेवलेल्या होत्या, तरी ८ केबीची एकेक अशी सुमारे ४१ हजार पानं वाचली जात होती. अट बदलल्यावर आकडा साडेचारशेवर आला. हा आकडा 'सेट स्टॅटिस्टिक्स आयओ ऑन' एवढ्या एका ओळीनं दिसतो. मशीनवरचा भार कमी-जास्त झाला की सेकंद बदलतात, वाचलेली पानं बदलत नाहीत. म्हणून मी आधी पानं बघतो आणि मग घड्याळ.

'कसं' यंत्रावर सोपवल्याचा पहिला मोठा झटका सिस्टीम आरच्याच माणसांना बसला, १९७६ मध्ये, हॅलोवीनच्या दिवसांत. २५ हजार डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्यांना १० टक्के वाढ द्यायची, अशी साधी अपडेट क्वेरी त्यांनी चालवली. कुठलीही एरर आली नाही. नंतर बघतात तर एकाचाही पगार २५ हजारांच्या खाली नाही. यंत्रानं पगाराच्या इंडेक्सवरून खालून वर जायची वाट निवडली होती. वाढ मिळाली की तो माणूस इंडेक्समध्ये पुढे सरकायचा, पुन्हा वाटेत भेटायचा आणि पुन्हा वाढ घ्यायचा, २५ हजार गाठेपर्यंत. क्वेरी बरोबर होती, इंडेक्सही बरोबर होता, दोन्ही एकत्र आल्यावर उत्तर चुकलं. याला आजही हॅलोवीन प्रॉब्लेम म्हणतात. अपडेटच्या प्लॅनमध्ये मध्येच एखादा 'स्पूल' दिसतो, तो बऱ्याचदा याच्याच बंदोबस्तासाठी असतो : आधी सगळ्या ओळी बाजूला काढायच्या आणि मगच बदलायच्या.

सिस्टीम आर क्वेरीचा प्लॅन एकदा बनवून साठवून ठेवत असे, आणि त्यातला इंडेक्स काढून टाकला तर आपणहून नवा बनवत असे. साठवलेल्या प्लॅनची ही कल्पना पुढे स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये फुलली. सायबेसनं १९८७ मध्ये सर्व्हरमध्येच प्रोसिजर आणि ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) ठेवायची सोय दिली. नेटवर्क तेव्हा मंद होतं, शंभर क्वेऱ्या पाठवण्यापेक्षा एक नाव पाठवणं स्वस्त पडे. सायबेसबरोबरच्या करारातून १९८९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आला. ओरॅकलमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर १९९२ च्या सातव्या आवृत्तीत आल्या, मायएसक्यूएलमध्ये २००५ ला, आणि पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट प्रोसिजर' थेट २०१८ ला, त्याआधी तिथे फंक्शनवर काम चालायचं.

कोल्हापुरात आम्ही यातल्या कशावरही सुरुवात केली नाही. आम्ही फॉक्सप्रोवाले. गूळ अडतीची दुकानं, फाउंड्र्या, दूध संस्था, पतसंस्था, सगळीकडे डीबेस किंवा फॉक्सप्रो, हे फाइलींवर चालणारे जुने डेटाबेस. तिथे वाट स्वतः चालायची : सीक करून खातेदारावर जायचं, 'डू व्हाइल' लावायचं, स्किप करत फाइल संपेपर्यंत पुढे. म्हणजे कॉड यांनी जे माणसाच्या हातून काढून घेतलं होतं ते आमच्या हातात होतं आणि आम्हाला ते छान जमत होतं. एसक्यूएल सर्व्हर आला तेव्हा आम्ही तेच लूप कर्सर म्हणून प्रोसिजरमध्ये आणले. शेतकऱ्यांचा एक कर्सर, त्याच्या पोटात पावत्यांचा, त्याच्या पोटात कपातींचा. अकराशे ओळींच्या अशा प्रोसिजर मी स्वतः लिहिल्या आहेत. नव्या मुलांना त्या बघून नवल वाटतं, पण त्या लिहिणाऱ्यांना धंद्याचा बारकावा माहीत होता. बदलायला हवी होती ती फक्त चालण्याची सवय.

चुका पकडण्याची सोयही तेव्हा तोकडी होती. एसक्यूएल सर्व्हरच्या २००५ च्या आवृत्तीत चूक पकडणारं ट्राय-कॅच येईपर्यंत प्रत्येक वाक्यानंतर 'ॲट ॲट एरर' हा चुकीचा नंबर तपासावा लागे. विसरलं तर एक वाक्य फसायचं आणि पुढची चालू राहायची : कर्जाची कपात पडली, बिलाची नोंद पडलीच नाही. 'एक्सॅक्ट अबॉर्ट' हे सेटिंग ऑन केलं तर फसल्यावर सगळा व्यवहार मागे फिरतो, पण ते मुळात ऑफ असतं.

मराठीची एक अडचण वेगळी सांगायला हवी. सभासदाचं नाव देवनागरीत टाकलं आणि अवतरण चिन्हाआधी एन हे अक्षर लावलं नाही, की टेबलात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं जातात. ती नंतर कुठल्याही उपायानं परत नाव होत नाहीत, यादी पुन्हा टाईप करावी लागते. मग घाबरून सगळंच एनव्हारचार (देवनागरीही मावणारा मजकुराचा प्रकार) करून पाठवायची सवय लागते आणि दुसरं दुखणं सुरू होतं. सभासद कोडाचा कॉलम साधा व्हारचार असेल तर यंत्र प्रत्येक ओळीतला कोड बदलून मग जुळवतं, आणि जुन्या पद्धतीच्या कोलेशनवर (अक्षरं जुळवायच्या नियमांवर) तिथे इंडेक्स वाया जातो. नावाला एन लावा, कोडाला लावू नका.

यंत्रानं काय ठरवलं हे बघायची साधनं हळूहळूच आली. प्लॅन दाखवणारा शोप्लॅन सायबेसच्या वारशातला. एसक्यूएल सर्व्हरची १९९८ ची सातवी आवृत्ती नव्यानं लिहिली गेली, तिच्याबरोबर चालू क्वेऱ्या टिपणारा प्रोफायलर आला. २००५ मध्ये डायनॅमिक मॅनेजमेंट व्ह्यू, म्हणजे सर्व्हरच्या आतलं चित्र दाखवणारे तक्ते, आले. मेमरीत कुठला प्लॅन बसलाय, कोण कोणाला अडवतंय, हे क्वेरी लिहून नीट विचारता आलं. २०१६ च्या क्वेरी स्टोअरनं जुने प्लॅन सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही जपले. आणि २०२२ च्या आवृत्तीत काही क्वेऱ्यांसाठी एकाच वेळी अनेक प्लॅन ठेवायची सोय झाली.

त्या रात्री हीच शेवटची सोय असती तर फोन कदाचित आलाच नसता. आमच्याकडे २००५ ची आवृत्ती होती. व्ह्यूमधून बघितलं तर त्या प्रोसिजरचे दोन प्लॅन मेमरीत होते. मॅनेजमेंट स्टुडिओ 'अरिथ अबॉर्ट' हे सेटिंग ऑन ठेवून जोडतो, बिलिंगचा प्रोग्राम ऑफ ठेवून. सेटिंग वेगळं म्हणून सर्व्हर प्लॅनही वेगळे ठेवतो. त्या मुलानं हातानं चालवताना मोठ्या गटाचा नंबर दिला होता, म्हणून त्याचा प्लॅन मोठ्या गटाला शोभणारा. प्रोग्रामचा प्लॅन मात्र ४० शेतकऱ्यांच्या गटासाठी बनला होता आणि तोच आता २,६०० शेतकऱ्यांच्या गटाला लागला होता. पहिल्यांदा जो नंबर येईल त्याला बघून प्लॅन बनतो, पुढचे सगळे त्याच वाटेनं जातात.

पण रोज पळणारा प्लॅन गेला कुठे? मी विचारलं, दिवसभरात सर्व्हर बंद पडला होता का. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, दुपारी लाईट गेली होती, युपीएसच्या बॅटऱ्या उतरल्या आणि चारच्या सुमारास सर्व्हर परत चालू केला. मेमरीतले प्लॅन गेले आणि त्यानंतर पहिलं बिल तपासणीसाठी सगळ्यात लहान गटाचं काढलं गेलं.

अडकलेलं सेशन थांबवून 'एसपी रीकंपाइल' (जुना प्लॅन टाकून नवा बनवायला लावणारी आज्ञा) चालवलं आणि यादीतला सगळ्यात मोठा गट आधी लावला. सव्वाअकराला शेवटच्या गटाचं बिल बँकेच्या फाइलमध्ये गेलं. पुढच्या आठवड्यात त्या प्रोसिजरमधल्या एकाच वाक्याला 'ऑप्शन रीकंपाइल' (दर वेळी नवा प्लॅन बनव) जोडलं, आणि संगणक विभागाच्या नोंदवहीत सर्व्हर केव्हा बंद झाला, केव्हा चालू झाला यासाठी दोन रकाने आखून घेतले.