पार्श्वभूमी : जुन्या ९११ मधलं डांबर, काढायचं की ठेवायचं

जुनी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, पोर्श ९११ ही स्पोर्ट्स कार कुणी रिस्टोअर करायला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक वाद सुरू होतो. सीट निघतात, कार्पेट निघतं, आणि खाली फ्लोअरच्या पत्र्याला चिकटलेल्या काळ्या जाड डांबरी पट्ट्या दिसतात. मग अर्धे लोक म्हणतात खरवडून टाक, गाडी हलकी होईल, मूळची ९११ उघड्या पत्र्याचीच होती, आणि उरलेले म्हणतात अजिबात हात लावू नकोस. मी इकडे जर्मनीत शनिवार-रविवार अशा गाड्यांवर हात काळे करतो, त्यामुळे हा वाद बऱ्याचदा ऐकलाय, आणि त्यातलं "मूळची उघड्या पत्र्याचीच होती" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते खरं नाहीये.

फार मागे जायची गरज नाही. गाड्यांच्या बॉडीत लाकडी सांगाडा असायचा तोवर पत्रा फार वाजत नव्हता. १९२० च्या दशकापासून पूर्ण स्टीलच्या बंद बॉडी आल्या आणि गाडी रिकाम्या तेलाच्या डब्यासारखी वाजायला लागली, तेव्हापासून आतून डांबरी नमदा चिकटवायची पद्धत पडली. म्हणजे १९६४ मध्ये ९११ बनायला लागली तोपर्यंत ही गोष्ट चांगली जुनी झाली होती. ९११ चा प्रश्न थोडा वेगळा होता एवढंच. इंजिन पाठीमागे, त्याला पाण्याचं जॅकेट नाही, त्यामुळे सिलेंडर आणि पिस्टनचा आवाज आतच अडवायला काही नाही, वर मोठा पंखा सतत हवा ओढतोय, आणि केबिन गरम करायची हवासुद्धा इंजिनच्या बाजूनेच नळ्यांमधून पुढे येते, म्हणजे हवेबरोबर आवाजही येतो. कारखान्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून फ्लोअरला डांबर, इंजिनच्या भिंतीला पॅड आणि वर कार्पेट हे सगळं रोजच्या ९११ मध्ये होतंच.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याने सगळा घोळ घातलाय. साउंडप्रूफिंग. घड्याळ वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जाणारच नाही, तसं साउंडप्रूफ म्हणजे आवाज येणारच नाही असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि गाडीत ते शक्यच नाही. या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी कामं कोंबलेली आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला लावत बसतात. पहिलं काम म्हणजे पत्र्याचं थरथरणं थांबवणं, डॅम्पिंग. रिकामी परात हातात धरून टिचकी मारा, किती वेळ वाजते बघा. मग तिच्यात कणकेचा गोळा घट्ट दाबून चिकटवा आणि परत टिचकी मारा, नुसतं थप्प होतं. फ्लोअरवरचं डांबर म्हणजे ती कणीक. ती पत्र्याला गप्प करते, पण पलीकडून हवेतून येणारा आवाज अडवणं हे तिचं काम नाही. दुसरं काम म्हणजे हवेत आलेला आवाज शोषून घेणं, ते नमदा, कार्पेट, स्पंज करतात, रिकाम्या खोलीत गाद्या-गोधड्या टाकल्या की घुमणं कमी होतं तसं. आणि तिसरं म्हणजे आवाजाला आडवी भिंत घालणं, त्याला वजन लागतं, दुसरा उपाय नाही.

हे तिसरं काम किती महाग पडतं ते जरा आकड्यात बघू. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कागदावर सहा डेसिबल कमी होतात, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. एक मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोच्या आसपास भरतो. वरून जो जड व्हिनाइलचा थर टाकतात तो चौरस मीटरला साधारण पाच किलो. म्हणजे एवढं ओझं चढवून वजन दुप्पटही होत नाही, आणि चार चौरस मीटर घातलं की २० किलो गाडीत बसले. त्यातून एखादं भोक राहिलं, वायरिंगचं म्हणा नाहीतर क्लचच्या केबलचं, तर खेळ खलास, भिंतीचा फक्त एक टक्का भाग उघडा असला तरी ती भिंत कितीही जाड केलीत तरी २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी रबराचे बूच आणि दरवाज्याची रबरं नवी टाका, जड थराचं नंतर बघू.

बरं, उघड्या पत्र्याची समजूत आली कुठून? माझ्या मते एका गाडीतून. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या शोमध्ये कॅरेरा आरएस २.७ आली. रेसिंगच्या ग्रुप ४ या गटात उतरायची मान्यता मिळायला ५०० गाड्या बनवणं भाग होतं, विकल्या गेल्या १५८०. तिच्या हलक्या आवृत्तीतून मागच्या सीट काढल्या, घड्याळ काढलं, ग्लोव्हबॉक्सचं झाकण काढलं, दरवाज्याला हँडलऐवजी साधा पट्टा, काच पातळ, पत्रा पातळ, कार्पेटच्या जागी पातळसा नमदा, आणि आवाज मारणारं बरंचसं मटेरियल गायब. हीच गाडी पोस्टरवर आली, हिचीच किंमत आज आभाळाला भिडलीय, आणि हळूहळू लोकांच्या डोक्यात बसलं की अस्सल ९११ म्हणजे अशीच ठणठणीत.

पण आकडे बघा ना. १५८० मधल्या हलक्या ट्रिमच्या, म्हणजे कमी साजाच्या, गाड्या २००, आणि टूरिंग, म्हणजे कार्पेट, मागच्या सीट, नेहमीच्या ९११ एस सारखं इंटिरिअर असलेल्या, १३०८. बाकीच्या थेट रेससाठी नाहीतर मान्यतेसाठीच्या अगदी नागड्या. टूरिंग ट्रिमला अडीच हजार मार्क जास्त मोजावे लागायचे आणि तरी बहुतेकांनी तीच घेतली. गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट अशी की मान्यतेसाठी वजन दाखवायचं होतं म्हणून गाड्या आधी हलक्या अवस्थेत काट्यावर उभ्या केल्या आणि गिऱ्हाइकाने मागितलेलं सामान नंतर चढवलं. म्हणजे त्या काळात ही गाडी ज्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली, रोज चालवली, त्यांनी शांतता विकत घेतली होती. दोन्ही ट्रिममध्ये वजनाचा फरक साधारण १०० किलोचा, आणि तो सगळा डांबराचा नव्हे, सीट, बंपर, काच, कुलपं, सगळं धरून. आज कोणी १९७८ च्या साध्या ९११ एससीमधून डांबर खरवडून "आरएससारखी केली" म्हणतो तेव्हा त्याने काही किलो कमी केलेत आणि एक वाजणारा पत्रा कमावलाय, एवढंच झालेलं असतं. सगळा रेसिंगचा खटाटोप असेल, आत अपघातात जीव वाचवणारा नळ्यांचा पिंजरा बसवायचा असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे माझं काही म्हणणं नाही.

डांबर काढायचं एक मात्र खरं कारण आहे, आणि ते म्हणजे गंज. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याची झाली. त्याआधीच्या गाडीत कार्पेट ओलं राहिलं की पाणी डांबराच्या भेगेतून खाली जातं आणि वरून सगळं छान दिसत असताना खाली पत्रा खात राहतं. एका मित्राच्या १९७१ च्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने नुसती टोचली तर आत कुरकुरीत आवाज आला, पापड मोडल्यासारखा. ती काढायलाच हवी होती. हीट गनने केलं तर डांबर वितळून गच्चीवर पावसाळ्याआधी टाकतात तसा वास गॅरेजभर, आणि खाली चिकट थर राहतो तो राहतोच. आम्ही ड्राय आइस आणला, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा, तुकडे पट्टीवर पसरून दहा-पंधरा मिनिटं थांबलो, पत्रा आकसला, डांबर काचेसारखं कडक झालं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याला टक-टक करत हाताएवढे तुकडे सुटून आले. (दार उघडं ठेवा बरं का, बंद गॅरेजमध्ये त्यातून निघणारा वायू साचतो आणि जीव जाऊ शकतो.) खाली बोट जाईल एवढी तीन भोकं निघाली. पण शेजारच्याच पट्टीखाली रंग नव्यासारखा चमकत होता, तिथे डांबराने पत्रा ५० वर्षं राखला होता. म्हणून सरसकट नियम नाही करता येत. टोचून बघा, ठोकून बघा, जिथे घट्ट बसलंय तिथे राहू द्या. बऱ्याच गाड्यांत त्या पट्ट्यांवरच कारखान्यातल्या रंगाचा फवारा बसलेला असतो, गाडी मूळची आहे याचा तो एक पुरावाच आहे, एकदा खरवडला की परत येत नाही.

इंजिनच्या बाजूचं पॅड ही पुढची डोकेदुखी, आणि १९८० च्या दशकातल्या गाड्यांना ती जास्त. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला इंजिनच्या अंगाने जाड फोम चिकटवलेला असतो. उष्णतेने गोंद मरतो, फोम लोंबतो, चुरा होतो आणि तो चुरा थेट कूलिंग फॅन ओढून घेतो. माझ्या ओळखीतल्या एका ९११ च्या ३.२ कॅरेरा मॉडेलात गॅरेजवाल्याने जुना फोम काढला आणि नवा लावलाच नाही, म्हणाला असाच छान आवाज येतो. ६०० किलोमीटरच्या प्रवासानंतर मालकाच्या बायकोने सांगितलं, परत या गाडीत बसणार नाही. नवा पॅड लावला, एका दुपारचं काम, आणि १२० च्या वेगाला परत बोलता यायला लागलं.

याच काळात नियमही आवळत गेले, आणि इथे पण एक गोंधळ आहे, लोक समजतात नियमांमुळे गाडी आतून शांत झाली. नियम बाहेरच्या आवाजाचे. गाडी वेग वाढवत जाते आणि साडेसात मीटरवर मायक्रोफोन असतो. युरोपात मर्यादा १९७० ला ८२ डेसिबल होती, १९७७ च्या दुरुस्तीने ८०, १९८४ च्या ७७, १९९२ च्या ७४. म्हणून १९८९ च्या ९६४ ला, म्हणजे ९११ च्या त्या पिढीला, इंजिनच्या खालून ट्रे आला, आवाज खाली रस्त्यावर आपटू नये म्हणून. तो ट्रे बरेच मालक काढून ठेवतात, इंजिनला हवा लागते म्हणतात, तेलाची गळती दिसते म्हणतात, आणि हे मला पटतं. पण केबिनमधला फरक खरा केला तो १९९३ च्या ९९३ या पुढच्या पिढीने, मागचं सस्पेन्शन वेगळ्या सबफ्रेमवर, म्हणजे छोट्या चौकटीवर, रबरातून टांगून, म्हणजे टायरचा घरघराट बॉडीत शिरायच्या आधीच अडवून. पुढे १९९७ ला पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं, त्यामागे आवाजाचे आणि धुराचे नियम हे एक मोठं कारण.

अॅल्युमिनियमचा पत्रा आणि खाली ब्यूटिल रबर अशी शीट जी आज सगळे लावतात ती डांबरानंतरची गोष्ट. दोन कडक थरांमध्ये चिकट थर दाबून थरथर मारायचं गणित १९५९ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, गाडीच्या हौशी लोकांपर्यंत ते पोचलं कार ऑडिओवाल्यांमुळे. मोठे स्पीकर लावले की दरवाजे वाजायचे, म्हणून. वस्तू चांगली आहे, डांबरापेक्षा हलकी पडते कारण तेवढ्याच कामाला कमी लागते. पण ती पण कणीकच आहे, भिंत नाही, आणि दुकानदार हे सांगत नाही. अख्खं फ्लोअर, छत, दरवाजे, सगळीकडे कोपरा न सोडता चिकटवून घेतात लोक, मोठ्या पत्र्याच्या मधोमध थोड्या भागावर लावलं तरी बहुतेक थरथर जाते. आणि स्वस्तातली शीट घेताना एक तुकडा उन्हात ठेवून बघा, ब्यूटिल म्हणून छताचं डांबर विकणारे आहेत, मे महिन्यात ते दरवाज्याच्या आतून ओघळतं, ड्रेनची भोकं बुजवतं आणि परत गंजाला आमंत्रण.

त्या १९७१ च्या गाडीत शेवटी काय केलं ते सांगतो. तीन भोकांवर पत्रा वेल्ड केला, प्राइमर, रंग, आणि फक्त त्याच खणात नवी डांबरी पट्टी मूळच्या मापाने कापून गरम करून बसवली. बाकीच्या तशाच. मागच्या सीटच्या खोलगट भागात, जिथून इंजिन सगळ्यात जास्त ऐकू येतं, ब्यूटिलचे चार तुकडे आणि वर जाड नमदा. गरम हवेच्या नळ्यांची फाटकी जोडणी नवी केली. एकूण वजन वाढलं सव्वादोन किलो, आम्ही काट्यावर घालूनच लावलं होतं सगळं.